ओरडतोय म्हणजे बरा आहे

शेवटच्या भेटीत वानखडे इतका ओरडत होता की मी निर्धास्त मनानं घरी आलो. वाक्य उलटं वाटेल, पण ते तसंच आहे. मी वॉर्डच्या दारात दिसताच त्यानं "आई गं... मेलो रे" असा सूर लावला की शेजारच्या खाटेवरचे सरदारजी दचकून उठून बसले. नर्सनं त्याच्या हाताला लावलेली सुई बदलली तेव्हा तर तो पाय झाडत होता. मी म्हणालो, नाटकं पुरे. त्याच्यासाठी नेलेल्या संत्र्यांतलं एक सोलून मीच खाल्लं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दोस्ताचा, कुलदीपचा फोन आला, "सेठजी, अंकल नहीं रहे." मी त्याच्यावरच उखडलो. "झूठ मत बोल. कल तो चिल्ला रहा था."

शरद वानखडे मूळचा अकोल्याचा. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तो आयुष्यभर फायली पुढे सरकवत राहिला आणि रविवारी काळा मुखवटा चढवून कुस्तीच्या रिंगणात मार खात राहिला. मातीतली कुस्ती नव्हे. टीव्हीवर दाखवतात तशी, दोर बांधलेल्या चौकोनातली, निकाल आधीच ठरलेली. गाझियाबाद, सोनिपत, फरिदाबाद, जिथे जत्रा किंवा मेळा असेल तिथे मल्होत्राजी नावाच्या माणसाची मंडळी खेळ लावायची आणि त्यात वानखडे खलनायक असायचा. सरकारी नोकराला दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून मुखवटा. आता त्याला कोणी मेमो काढू शकत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. माझं त्याच्याशी नव्हे, वाढप्याशी. मी बार्शीहून रिकाम्या हातानं दिल्लीत आलो आणि फोमच्या धंद्यात जम बसवला तो घासाघीस करूनच, त्यामुळे कुठंही कमी माप दिसलं की माझं डोकं फिरतं. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनातल्या कॅन्टीनमध्ये मिसळीचा रस्सा वाटीच्या काठापर्यंत का नाही, यावर मी वाढप्याला धारेवर धरलं होतं. पलीकडच्या टेबलावरून एक आडवा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "शेठ, भांडताना मान पुढं काढू नका. हनुवटी छातीशी ठेवा. कोणी ढकललंच तर डोकं आपटणार नाही." मी विचारलं, तुम्ही कोण? तो म्हणाला, "मी पडतो." मग स्वतःच्या वाटीतला अर्धा रस्सा त्यानं माझ्या वाटीत ओतला आणि वाढपी सुटला.

तो माझ्याकडे आला गिऱ्हाईक म्हणून. रिंगणाच्या फळ्यांवर घालायला फोम हवा होता. मी सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ, अर्थात सगळ्यात महाग माल दाखवला. त्यानं नुसता पाय ठेवला आणि नकार दिला. मऊ फोममध्ये घोटा मुरगळतो, आणि पडल्याचा आवाज येत नाही. आवाज आला नाही तर मागच्या रांगेला काय कळणार? शेवटी फोमचेच पातळ, कडक पत्रे घेतले. माझा नफा पातळ झाला, पण त्या निमित्तानं मला सगळी विद्या समजली. शेवटचा डाव, ज्यानं सामना संपतो, तो मारणाऱ्याचा नसतोच, असं त्याचं म्हणणं. वर उचलला जाणारा स्वतः उडी घेतो, नाहीतर नव्वद किलोचा माणूस कोण उचलणार? उचलणाऱ्यानं त्याची मान सांभाळायची आणि पहिला दणका स्वतःच्या गुडघ्यांवर किंवा बुडावर घ्यायचा. पडणाऱ्यानं हनुवटी छातीशी घ्यायची, श्वास सोडायचा, खांदे आणि पाठ एकदम टेकवायची, तळहात फळीवर फटकन मारायचे. मग किंचाळायचं. याला ते लोक 'सेल करणं' म्हणतात. मी आयुष्यभर फोम विकला, हा दुखणं विकायचा. आणि मुखवट्यामुळे चेहरा दिसत नसल्यानं त्याला ते अख्ख्या अंगानं विकावं लागायचं. पाठीत मार बसला की त्याच्या पायाचा अंगठासुद्धा वेदनेनं थरथरायचा.

एक नियम त्यानं मला पुनःपुन्हा सांगितला होता. ओरडतोय तोपर्यंत माणूस बरा असतो. खरंच लागलं की आवाज जातो. रिंगणात कोणी गप्प झाला, की समोरच्यानं हळूच त्याचा हात दाबायचा. उलट दाबला तर खेळ पुढे. नाही दाबला, तर खेळ संपवायचा.

त्यानं मला पडायलाही शिकवलं. माझ्या गोदामात, फोमच्या पत्र्यांवर, धोतर नेसणारे माझे मुनीमजी बघत असताना. मी म्हणायचो, मला काय करायचंय पडून? तो म्हणायचा, "इतकं भांडता शेठ, एक दिवस लागेलच."

त्याचा स्वतःचाही एक शेवटचा डाव होता. समोरच्याला खांद्यावर घेऊन एक गिरकी, आणि जेवायला पाट मांडावा तसं अलगद पण मोठ्या आवाजात जमिनीवर सपाट. त्याला मी नाव दिलं 'वऱ्हाडी पाट'. खलनायक कधी जिंकत नाही, त्यामुळे तो डाव फक्त गोदामात झाला, तोही माझ्यावर. अंगावर एक ओरखडा नाही. इतकी सुरेख गोष्ट आणि ती कोणी पाहिलेली नाही, हे माझ्यातल्या दुकानदाराला सहन होईना. त्यातच मल्होत्राजींचा खेळ पानिपतला ठरला. मी पेटलो. मराठी माणूस, आणि पानिपतावर पुन्हा हरणार? वानखडे हसून म्हणाला, "मुखवट्याखाली कोण मराठी ते कोणाला कळतंय?" मला कळतं, मी म्हणालो. मल्होत्राजींशी तीन बैठका केल्या. ते एकच पालुपद धरून, "विलन कैसे जीतेगा जी?" शेवटी अख्ख्या रिंगणाला नवा फोम माझ्याकडून, आणि बदल्यात पानिपतला वानखडे जिंकणार, असा सौदा पटला. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता. आमच्या गणेश मंडळाची ढोल-ताशावाली पोरं गाडीत घालून नेली. मुखवटेवाला जिंकला की वाजवायचं, एवढंच त्यांना सांगितलं.

सामना कुलदीपशी होता. कुलदीप म्हणजे रोहतकचा गडी, मंडळीचा लाडका नायक. दोघं छान ओरडत होते. मग कुलदीप कोपऱ्यातल्या दोरांवरून उडी मारताना वाकडा पडला. साधीच पडझड, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वानखडे त्याच्यावर वाकून गळा दाबू लागला. मी खुर्चीवर उभा राहून ढोलवाल्यांना हात केला, आता पाट येणार... वानखडेनं त्याला उभं केलं, मागे सरला, धावत आला. कुलदीपनं फक्त एक हात आडवा धरला. आणि माझा हा मित्र त्या हातावर आदळून हवेत पूर्ण फिरला, पाठीवर पडला आणि असा किंचाळला की माझ्या नव्या फोमचं सार्थक झालं. कुलदीप त्याच्या शेजारी बसला, छातीवर हात ठेवला. पंचानं मोजलं. संपलं. पानिपत झालं ते झालंच. ढोलवाल्यांपैकी एकानं काहीच न कळून वाजवायला सुरुवात केली, ते वेगळं.

परतताना मुरथलच्या ढाब्यावर मी पराठ्याला हात लावला नाही. त्यानं दोन्ही संपवले आणि सांगितलं ते इतकंच. कुलदीप गप्प झाला होता. हात दाबला, तर उलट दाबला नाही. मानेला लागलं होतं. नुसता हात आडवा धर, असं कानात सांगून त्याला उभं केलं. अशा माणसाला खांद्यावर घेऊन आपटायचं कसं?

"मग पंचाला थांबवायला सांगायचं."

"त्याचे वडील पयल्या रांगेत होते शेठ. पोराला उचलून नेताना पाहिलं असतं त्यांनी. पडणं माझ्या हातात होतं, मी पडलो."

"सौदा माझा होता. मला विचारायचं."

"रिंगणातून?" तो म्हणाला. "काहून तापता? मान शाबूत आहे दोघांची."

कुलदीपच्या गळ्याला पट्टा लागला आणि काही आठवड्यांनी निघाला. मल्होत्राजींनी फोम परत दिला नाही आणि दुसरा सामनाही दिला नाही. त्यांचं म्हणणं, मी तर कबूल केलं होतं, तुमचाच माणूस हरला. हे मी अजून विसरलेलो नाही. वानखडे त्यानंतर दर संक्रांतीला घरी यायचा, तिळगूळ पुढे करायचा आणि म्हणायचा, "पानिपत विसरा, गोड बोला." मी तिळगूळ खायचो. विसरायचो नाही.

तेराव्याचं वगैरे वानखडेंकडे नसतं. बुद्धवंदना झाली. मल्होत्राजींची सगळी मंडळी आली होती, ते आडदांड देह सतरंजीवर मांडी घालून अवघडून बसले होते. कुलदीप आता स्वतः शिकवतो. त्याची पोरंही आली होती. मी त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना म्हणालो, आदल्या दिवशी तर चांगला ओरडत होता हो. वहिनींनी मला बाजूला घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते दोन दिवस एक अक्षर बोलले नव्हते. तुम्ही दारात दिसलात तेव्हा सुरू झाले. तुम्ही गेलात, पुन्हा गप्प."

म्हणजे पानिपतानंतर हा त्याचा दुसरा डाव. तोही मला न विचारता. मला नियम माहीत आहे, हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं माझ्यासमोर बरा असल्याचं इतकं बेमालूम विकलं की आयुष्यभर दुकानदारी केलेला मी पूर्ण भावात घेऊन घरी गेलो, वर त्याचं संत्रं खाऊन... घासाघीस करायला माणूस जागेवर असावा लागतो. मी भांडू कोणाशी?

गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये साबणावरून पाय घसरला. विचार करायला वेळ नव्हता. हनुवटी आपोआप छातीशी गेली, श्वास सुटला, पाठ सपाट टेकली, दोन्ही तळहात फरशीवर फटकन बसले. असा आवाज झाला की मागच्या रांगेलाही कळावं. छताकडे बघत पडून राहिलो. मान हलवून पाहिली, शाबूत होती. बाहेर भांड्यांचा आवाज एकदम थांबला. बायको दाराशी येऊन उभी राहिली असावी, कान देऊन. मग मी फुप्फुसात मावेल तेवढी हवा भरली आणि जोरात ओरडलो, "आई गं... मेलो रे!"

"उठा मग," ती बाहेरून म्हणाली. "चहा झालाय."