मामाचं काविळीचं औषध

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत माझा मामा काविळीचं औषध द्यायचा. दर रविवारी, सूर्य वर यायच्या आत, उपाशीपोटी. पैसे घ्यायचे नाहीत आणि पाला कुठला ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की हाताचा गुण गेला. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधी गोळ्या तपासते. आमच्या लिव्हरच्या गोळ्यांच्या डबीवर भुईआवळीचं नाव ठळक छापलेलं असतं. मामाचा पालाही तोच, पण त्याच्याकडे गेले की मलाही काही ठाऊक नसायचं.

मामीला तर मुळीच नाही. बांधावरून पाला तीच खुडून आणायची, धुवायची, पाट्यावर वाटायची. मामा तो ताकात कालवून मोठ्या गंभीर चेहऱ्याने पेशंटला द्यायचा. कुणी विचारलंच तर मामी म्हणायची, "मला काय ठावं गो, त्यांची इद्या हाय ती." तीस वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं.

गेल्या पावसाळ्यात मामीलाच कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी ठरेना. मी तिला महाडला डॉक्टरांकडे नेलं. लिव्हर फार सुजलंय, दिलेल्या गोळ्यांशिवाय दुसरं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं. मामाने मान डोलावली आणि घरी येताच बांधाकडे निघाला. गावाला औषध द्यायचं आणि बायकोला नाही, म्हणजे लोक काय म्हणतील!

बऱ्याच वेळाने तो मूठभर पाला घेऊन आला, स्वतःच वाटायला बसला. मी पाहिलं तर तशाच बारीक पानांचं भलतंच तण. मामीनेही पाहिलं होतं. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. "गप ऱ्हा. चार लोकांत मान हाय त्यांचा." आणि मामाने ताकात कालवून आणलेल्या पेल्यासाठी हात पुढे केला.

मी संतापले. पेला हिसकावून मोरीत ओतला आणि मामाला सगळं सुनावलं. त्याचा पडलेला चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

रविवारी पहाटे ओटीवर माणसं जमली. मामा रिकाम्या हाताने बाहेर आला. "औषद बायको खुडते. मला पाला वळखता येत नाय. ती बरी झाली की या."

आत मामी अंथरुणातून धडपडत उठली आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून ओरडली, "खोटं बोलतात ते! मी काय बी खुडत नाय!"