आईची दहावी आणि मामांचा फ्लेक्स

माझी आई दहावी पास झाल्याचा फ्लेक्स आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर लागला, तेव्हा ती नापास होती.

ही कामगिरी माझी! मी घरातला पहिला पदवीधर. आईची शाळा नववीत सुटली, पण तिने लोकांचे ब्लाउज शिवून मला इंजिनीअर केलं. म्हणून तिला बेंगळुरूला, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर आणून मी मुक्त विद्यालयातून दहावीला बसवलं. (तिला शिकवायचं होतं हे खरं. संध्याकाळी दार उघडल्यावर कुणीतरी ‘आलास?’ म्हणावं, हे जास्त खरं.) तिची अट एकच. "पास झाले की गावी जाणार. इथली लिफ्टसुद्धा इंग्रजीत बोलते!"

निकाल लागला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये, रिंग रोडवर अडकलेला. आमच्या गावात निकालाला एकच प्रश्न विचारतात, "किती टक्के?" त्या संस्कारानुसार मी पाचही विषयांची बेरीज केली, भागाकार केला. त्रेपन्न टक्के! आणि पास व्हायला लागतात तेहतीस! मी ओरडलोच. बसमध्ये एकानेही मान वर केली नाही. सगळ्यांच्या कानांत इअरफोन. आनंद सांगायला माणूस तर हवं, म्हणून मामांना फोन लावला.

मामांचं फ्लेक्सचं दुकान. आमची बस सिग्नल ओलांडायच्या आत फ्लेक्स छापून, बांबूंवर चढून, त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर! ‘आमच्या ताईसाहेब दहावी उत्तीर्ण!’ शुभेच्छुकांच्या रांगेत, तिला नववीतून काढून लग्न जमवणारे थोरले मामाही हात जोडून उभे!

पेढे घेऊन घरी पोचलो. शेजारच्या अक्कांना (पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या मराठी) दारातच पेढा दिला. आईने चष्मा लावून मोबाइल पाहिला.

"अरे, गणितापुढे सत्तावीस आहेत."

"असू देत गं! एकूण त्रेपन्न टक्के!"

"पण प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं ना? फॉर्म भरताना तूच तर सांगितलंस!"

मीच सांगितलं होतं! अक्का अर्धा पेढा हातात धरून थबकल्या. "आता हे खायचं की परत द्यायचं?"

"खा अक्का."

"सरी, खाते. स्वल्पच कमी पडलं की!" अक्कांच्या मराठीत कानडी असं मधूनमधून डोकावतं.

मी मामांना फोन केला. "मामा, फ्लेक्स उतरवा!"

"उतरवला तर लोक विचारतील ना! थांब, ‘उत्तीर्ण’च्या आधी ‘चार विषयांत’ असं चिकटवतो."

चिकटवलंही! आता ज्यांना शंका नव्हती, त्यांनाही आली.

आईने शांतपणे विचारलं, "पुन्हा पाचही पेपर द्यायचे?"

"नाही. पास झालेले चार विषय जमा राहतात. फक्त गणित."

"म्हणजे पुढच्या परीक्षेपर्यंत मी इथंच?"

"हो ना," मी जमेल तितक्या दुःखाने म्हणालो.

"मग हसतोयस कशाला मेल्या?"

त्यानंतर रोज संध्याकाळी मी गणित शिकवायचो. आई अपूर्णांकांना, मला, सगळ्यांना शिव्या घालायची. घर कसं भरून जायचं! पुढच्या निकालात तिला गणितात एकाहत्तर मिळाले. दुसऱ्याच दिवशी तिने बॅग भरली. जाताना अक्कांना कौतुकाने म्हणाली, "फार मन लावून शिकवतो हो माझा मुलगा."

आता दार मीच उघडतो, मीच लावतो, आणि कपाळावर हात मारून घेतो. बत्तीस मिळतील इतपतच शिकवायला काय झालं होतं मला!