धुतलेले बगळे

आमच्या शेजारची समीक्षा पणजीच्या प्रशांतसरांसाठी पक्ष्यांचे फोटो साफ करते. सर पहाटे चिखलात बसतात, ही डिचोलीला घरी खुर्चीत. कॅमेऱ्यातल्या कच्च्या फायली आल्या की उजेड वाढवायचा, आभाळ स्वच्छ करायचं, मध्ये आलेली तार पुसायची. सात वर्षं झाली, पण पक्ष्यांची नावं विचाराल तर कावळा आणि पोपट.

मे महिन्यात तिचे बाबा, शिवदास, गेले. खनिजाच्या ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस. ही रडली नाही. भिंतीवर लावायला एकच धड फोटो मिळाला, तिच्याच मोबाईलवरचा. बाबा ट्रकला टेकून उभे. केसांत, भुवयांत, कॉलरवर तांबडी माती. हाताला सवयच ती. तिने सगळी माती पुसली आणि जुन्या फोटोवरच नवा सेव्ह केला.

तिची आई गंगा फ्रेमकडे बघतच राहिली. "हे खंयचे तुझे बाबा? हो कोणतरी बँकेतलो मॅनेजर!"

महिना उलटला तरी आईने फोटोला हार घातला नाही. समीक्षा मला म्हणाली, "आई बोलत नाही, त्याचंही काही वाटत नाही गो. जेवते, पण चव लागत नाही."

जूनमध्ये शेतातल्या बगळ्यांचे दोनशे फोटो आले. सगळ्यांच्या डोक्यावर, पाठीवर तांबूस छटा. डिचोलीच्या माणसाला तांबडं दिसलं की दुसरं काय सुचणार? खाणीची धूळ! तिने दोनशेच्या दोनशे बगळे पांढरेशुभ्र करून पाठवले.

सरांचा फोन आला. "अगो, ती धूळ नव्हे! विणीच्या दिवसांत गायबगळा केशरी होतो. त्यांचा लग्नाचा साज तू धुवून टाकलास!"

रागवायचं सोडून ते हसत सुटले. कच्ची फाईल बिघडत नाही, रीसेट दाबलं की झालं. तिने दाबलं. एकेका बगळ्याच्या पाठीवर रंग परत आला.

मग तिने बाबांचा फोटो उघडला आणि तिथेही दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. तो मोबाईलवरचा साधा फोटो. त्याच्या पोटात जुनं काही उरलेलं नव्हतं. शेवटी एका बगळ्याच्या मानेवरचा रंग उचलला आणि बाबांच्या भुवयांवर, केसांत, कॉलरवर अंदाजाने लावला. रंग जरा जास्तच झाला.

नवा फोटो फ्रेममध्ये घालून तिने भिंतीवर लावला. आई स्वयंपाकघरातून आली, थबकली, आणि बाबा ट्रकवरून घरी आले की ओरडायची त्याच वैतागाने फोटोवर ओरडली, "आधी न्हाणीत जावा! पाणी कधीचा तापलां!"

बोलून गेल्यावर ती मटकन खाली बसली. आणि आपले बाबा गेले, हे समीक्षाला त्या क्षणी कळलं.