सैल चकती

मीरासाहेब पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. जगातल्या निम्म्या अडचणी काहीतरी ढिलं राहिल्यामुळे होतात, असं त्यांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांत ते लक्ष घालत नसत.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या बायकोची, खैरुन्निसाची, अन्ननळी आकसली. घोटभर पाणी उतरेना. पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि तिला काळेवाडीला घरी धाडलं. दूध, पेज, सगळं नळीतून. पण नळी आतबाहेर सरके, कडेनं पोटातलं आंबट पाणी झिरपे, आणि भोवतालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांत हे सुकलं नाही, तर नळी काढावी लागेल." मग तिनं खायचं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीरासाहेबांनाही विचारायचा धीर झाला नाही.

गळती म्हणजे वॉशर. त्यांनी मऊ रबराची चकती कापली, उकळली, नळीत ओवून पोटाला गच्च टेकवली. झिरपणं थांबलं. दोन दिवस मीरासाहेब ऐटीत कामावर गेले. तिसऱ्या दिवशी चकतीखाली कातडी सुजून काळीनिळी.

"मी काय तुमच्या कंपनीची पाइपलाइन आहे?" खैरुन्निसा कण्हत म्हणाली.

शेजारच्या विमलबाई डोकावल्या. निम्म्या काळेवाडीच्या पोरींचे कान त्यांनी टोचलेले.

"आवो मीरासायेब, कान टोचल्यावर तार आवळत्यात व्हय? सैल ठिवायची, रोज फिरवायची. वारं लागाय पायजे कातडीला."

"सैल ठेवलं तर गळणार, विमलबाई."

"गळू द्या वाईच. लोखंड न्हाई त्ये, आपसूक भरून येतंय."

लोखंड आपसूक भरून येत नाही, हे मीरासाहेबांना पंधरा वर्षं माहीत होतं. त्याची दुसरी बाजू त्यांना कुणी सांगितली नव्हती.

नव्या चकतीला त्यांनी हवेसाठी तीन भोकं पाडली, कडा घासून गोल केल्या, आणि खाली दहा पैशांचं नाणं सरकेल एवढी फट ठेवली. रोज सकाळी हात धुऊन अर्धा फेरा फिरवायची. दोन दिवस गळलं. ते फडकं घेऊन शेजारी बसत. बोटं आपोआप चकतीकडे जात.

"हात काढा," खैरुन्निसा म्हणे.

आठव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी वाकून पाहिलं. कातडी कोरडी होती.

"नळी राहू दे. ही चकती कुणाची अक्कल?"

"कान टोचणाऱ्या बाईंची. मी नुसती कापली."

वॉर्डातल्या दुसऱ्या एका पेशंटसाठी डॉक्टरांनी आणखी एक मागितली. मीरासाहेबांनी दोन नेऊन दिल्या, आणि आवळायची नाही, हे नर्सला चार वेळा बजावलं.

घरी खैरुन्निसानं त्या दुपारी पोटाशी फडकं न खोचता, स्वतःच्या हातानं पेज ओतली.