समजलं म्हणून भागत नाही

विमानतळाच्या टॉवरमध्ये बावीस वर्षं काढलेल्या या बाईंना सगळे ‘परतसांगा’ म्हणत. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वैमानिकाला सूचना दिली की त्याने ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची, हा नियम सगळ्यांनाच असतो. पण कामाच्या घाईत बाकीचे ‘समजलं’वर सोडून देत, बाई सोडत नसत. ही शाळेत शिकवायची ती चुकून टॉवरवर येऊन बसली, असं मालवाहू विमानाचा एक जुना कॅप्टन रेडिओवर उघड म्हणायचा.

बाईंचं दुसरं खूळ होतं पायपिटीचं. गावाच्या उत्तरेला डोंगरांची रांग, आणि डोंगरामागचं रडारला दिसत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाई त्या दऱ्या पायी तुडवायच्या. कुठे पूल आहे, कुठे खाण आहे, सगळं डोळ्यांत भरून घ्यायच्या. नवरा बिचारा डबा आणि थर्मास घेऊन मागे.

“लोक सुट्टीत ऑफिस विसरतात,” तो धापा टाकत म्हणायचा, “तू मला ऑफिसातच फिरवतेस!”

एका दुपारी गावातला दातांचा डॉक्टर स्वतःचं छोटं विमान घेऊन निघाला. डोंगरापलीकडे बहिणीकडे जायचं होतं. विमानात दोघंच, तो आणि त्याची म्हातारी आई. ढग शिखरांपर्यंत उतरले होते, म्हणून तो खालून, दरीतून जात होता.

“टॉवर, खिंडीच्या दरीत शिरलोय,” तो मजेत म्हणाला. “दगडाची खाण आत्ताच डाव्या हाताला मागे पडली.”

खिंडीच्या दरीत खाण नव्हतीच. खाण शेजारच्या दरीत होती. दोन्हींची तोंडं सारखी, दोन्हींत नदी, पण खाणीची दरी अरुंद होत होत सरळ कड्याला जाऊन भिडते. तो कडा चढून जायचं बळ छोट्या विमानात नाही आणि वर ढग. मागे फिरायचं तर आत्ताच, पुढे वळायलाही जागा नाही.

त्यांनी हाक मारली. उत्तरादाखल नुसती खरखर. डोंगर मध्ये आला होता.

ढगांच्या वर मात्र तोच जुना कॅप्टन चालला होता, आणि त्याला दरीतलं ऐकू येत होतं. बाईंनी त्याच्या हाती निरोप दिला: तुम्ही चुकीच्या दरीत आहात, उजव्या उताराला चिकटा आणि डावीकडे वळून मागे फिरा.

“सांगितलं,” कॅप्टन म्हणाला. “समजलं म्हणतोय.”

“समजलं म्हणून भागत नाही. त्याच्याकडून परत म्हणवून घ्या.”

“बाई, आत्ता? या वेळी?”

“आत्ताच!”

कॅप्टन परत बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. “तो म्हणतोय, डाव्या उताराला चिकटून उजवीकडे वळतो.”

नेमकं उलटं! घाबरलेल्या माणसाचं असंच होतं. आणि डाव्या उतारावर, थोडं पुढे, खाणीची दगड वाहायची लोखंडी तार उताराच्या कडेकडेने ताणलेली होती. वरून ती दिसत नाही. बाईंना दिसत होती, कारण तिच्याच खाली बसून त्यांनी नवऱ्याबरोबर डबा खाल्ला होता.

“नाही! उजवा उतार, डावं वळण. डाव्या बाजूला तार आहे. एकेक शब्द म्हणवून घ्या.”

या वेळी कॅप्टनने एक अक्षरही गाळलं नाही. बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. पन्नास सेकंद गेले, साठ गेले.

“टॉवर,” डॉक्टरचा आवाज थेट आला, कापरा. “वळलो. खाण आता उजव्या हाताला आहे.”

“बरोबर. या घरी,” बाई म्हणाल्या. आपल्याइतकं हे काम कुणालाच आलं नसतं, हे त्यांना त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना कसलाही संकोच वाटला नाही.

“बाई,” वरून कॅप्टन म्हणाला, “मी बारा वर्षं तुमची टिंगल केली. हे सगळं रेकॉर्ड होतंय, होऊ दे.”

ड्यूटी संपल्यावर बाई खाली उतरल्या तर दारात डॉक्टर उभा, चेहरा पांढराफटक. शेजारी त्याची आई, हातात पर्स, एकदम खुशीत.

“तुम्हीच का त्या रेडिओवरच्या?” तिने विचारलं. “पहिल्यांदाच बसले हो विमानात! नदी काय, डोंगर काय! आणि दुसऱ्या बाजूचंही दिसावं म्हणून याने मुद्दाम वळवलं. खास माझ्यासाठी, म्हणाला.”

डॉक्टरने मान खाली घातली. बाईंनी आजींचा हात हातात घेतला. तो गरम होता.

“हो आजी,” त्या म्हणाल्या, “खास तुमच्यासाठीच.”