सफारीची गोधडी

सोनिवलीतला फ्लॅट ताब्यात आला आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात सजावट शिरली. कंपनीतून अधिकारी म्हणून रिटायर झालेला माणूस. हुकूम सोडायला आता आम्ही दोघीच उरलेल्या, मी आणि सासूबाई. सासूबाईंचं शिवणाचं पायमशीन आमच्या अंबरनाथच्या घरी गॅलरीत कित्येक वर्षं गंजत पडलं होतं. मशीन भंगारात द्यायचं, खालच्या लोखंडी स्टँडवर काच बसवायची आणि नव्या हॉलमध्ये टेबल म्हणून ठेवायचं, असं ह्यांनी जाहीर केलं. हल्ली मोठ्या हॉटेलांत असंच असतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी हे टाइल्सचं काम बघायला सोनिवलीला गेले, तशा सासूबाई मला म्हणाल्या, "चल, उल्हासनगरला जाऊन येऊ. विचारलंच तर देवळात गेलो होतो म्हणून सांग."

मशीन स्टँडवरून सोडवून, चादरीत गुंडाळून रिक्षात माझ्या मांडीवर बसवलं. कॅम्प एकमध्ये शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथल्या सिंधी दुकानदाराने चाक फिरवून पाहिलं, हलेना. हे सोडा, मोटरवालं नवीन घ्या, म्हणून तो मागेच लागला. सासूबाईंनी त्याला विचारलं, तुझ्या आईचं मशीन कुठे आहे? तो हसला आणि त्याने चाकाची वादी, बॉबिन केस, जाड कापडाच्या सुया काढून दिल्या. आतलं तेल सुकून डिंक झालंय, तेवढं साफ करा, असंही म्हणाला.

मग रोज हे बाहेर पडले की आमचा कारखाना सुरू. सासूबाई जुन्या टूथब्रशने घासायच्या, मी जिथे भोक दिसेल तिथे तेल सोडायची. काळा चिखल निघाला. एका दुपारी चाक गर्रकन फिरलं आणि आम्ही दोघी उगाचच लाजलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ह्यांना विचारलंच, दुपारी आवाज कसला येतो? मिक्सर बिघडलाय, असं सासूबाईंनी ठोकून दिलं.

चाचणी म्हणून गोधडी शिवायला घेतली. आत जुनी लुगडी घातली, पण वरच्या तुकड्यांना कापड पुरेना. कपाटात ह्यांचे सफारी सूट होते, बारीक झाल्यावर घालायचे म्हणून जपलेले.

"आई, ते नको," मी म्हटलं.

"तो बारीक होणार आहे का?"

मला खोटं बोलवेना. कात्री मीच लावली. एका खिशावर सुई तुटली, म्हणून तो खिसा तसाच ठेवला.

सामान न्यायला टेम्पो आला. हे स्टँड उचलायला गेले, तर वर मशीन चकचकीत बसलेलं. हे काय, म्हणून विचारायच्या आत सासूबाईंनी गोधडी त्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती उलटीसुलटी केली. मग सवयीने हात खिशात गेला आणि तिथेच थांबला.

"हा माझा सफारी आहे."

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "आता अंगाला बरोबर होईल."

मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले.

ह्यांनी थोडे दिवस अबोला धरला, पण मशीनच्या पायडलची कुरकुर त्यांना सहन होईना. स्वतःच तेल घालू लागले. आता सोनिवलीत पाहुणा आला की हे जुनं मशीन आपण कसं जिवंत केलं, ते सांगतात. आम्ही दोघी माना डोलावतो.

काल शेजारची सून नवऱ्याच्या जीन्स पिशवीत भरून घेऊन आली. गोधडी शिवून द्याल का, म्हणाली. त्याला विचारलंय का, असं आम्ही तिला विचारलं नाही.