चंद्रीला मी काय घातलं

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीबाही पुटपुटत उभी राहिले. आता सांगते. पण आधी एक ठरवून घेऊ. ऐकून झाल्यावर 'जाऊ दे, तेव्हा तुझं वय तरी काय होतं' असं म्हणायचं नाही. माझं वय कळतं होतं. दोन लेकरांची आई होते मी. माझी कीव करायला कुणाला बोलावलेलं नाही, आणि मला चांगलं म्हणायलाही नाही.

आमचं गाव कागलच्या अलीकडं, हायवे सोडून आत. माझा म्हशींचा गोठा आहे आणि तो चांगला चालतो. इतका चांगला, की गावोगावच्या दूध संस्था बायकांच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावतात. मी जाते, माईक हातात घेते. बोलायला मला आवडतं — का खोटं सांगू?

मी काय सांगते? म्हशीच्या पोटाबद्दल सांगते. म्हशीचं पोट आपल्यासारखं नसतं बायांनो, त्याला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, त्याला कोठीपोट म्हणतात. त्यात डोळ्याला न दिसणारे बारीक जीव राहतात आणि वैरण तेच पचवतात. म्हणजे आपण म्हशीला चारतो असं वाटतं, पण खरं तर त्या जिवांना चारतो. त्यांना कडबा पाहिजे, ओली वैरण पाहिजे, म्हशीला निवांत रवंथ करायला वेळ पाहिजे. दाणा द्या, पण बेतानं द्या, हळूहळू सवय लावून. दूध वाढावं म्हणून एकदम मका, गहू, तांदूळ ओतला, की तो पोटात भराभर आंबतो. आंबट पाणी साचतं. ते बारीक जीव मरतात, कोठीपोट हलायचं थांबतं, आणि तोच आंबटपणा रक्तात उतरतो. मग म्हैस बसते ती उठत नाही.

आणि मग मी गोष्ट सांगते. "हे आमच्याच घरात घडलंय. माझ्या धाकट्या जावेनं बारशाचा उरलेला भात म्हशीला घातला. मायेनं घातला बिचारीनं, पण म्हैस गेली." बायका चुकचुकतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो भात परातभर होता. नंतर पाटीभर झाला. एकदा तर मी पातेलंभर म्हणाले. दर भाषणाला भात वाढत गेला आणि मी त्याला वाढू दिला.

तो भात ओंजळभर होता.

म्हैस जावेच्या माहेरची. सुलू लग्न होऊन आली ती गडहिंग्लजकडून, आणि तिच्या वडिलांनी मागोमाग चंद्री पाठवली. कपाळावर पांढरा ठिपका, अंगानं भरलेली, स्वभावानं गरीब. आमच्या दारात तशी म्हैस कधी आली नव्हती. सासूबाई येईल-जाईल त्याला गोठ्यात नेऊन दाखवायच्या. "धाकटीची म्हस हाय," म्हणायच्या. धाकटीची. धार कोण काढायचं? मी. शेण सुलू भरायची, वैरण सुलू टाकायची, पण धार माझ्या हाताची. चंद्री माझ्याच हाताला पान्हा सोडायची. तरी म्हैस धाकटीचीच.

हे मी कारण म्हणून सांगत नाही, नीट ऐका. घरोघरी जावा-जावांत हे असतंच. सगळ्याजणी काय म्हशी मारतात का?

जत्रेत दूध स्पर्धा ठरली. ज्याच्या हातानं धार निघेल त्याचं नाव पुकारणार होते. चंद्री उतरणार हे घरात सगळ्यांनी धरलेलंच होतं. मी मात्र ती पहिलीच आली पाहिजे असं मनाशी धरलं. माझं नाव लाऊडस्पीकरवरून सगळ्या जत्रेनं ऐकलं पाहिजे. बस्स, एवढंच. इतकी लहान गोष्ट.

मक्याचा भरडा घरात होताच. सासूबाई चंद्रीला पेंडीबरोबर मापानं द्यायच्या आणि दर वेळी बजावायच्या, "आधी वैरण, मग दाणा. दाण्यानं दूध वाढतंय, पण पोट बसतंय." म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला त्याच बाईनं शिकवलं होतं, जिचं बोलणं मी पुढं भाषणात सांगत फिरले. सगळे शेताला गेले की मी कोठीच्या खोलीत जायचे आणि बुट्टी, म्हणजे वेताची पाटी, भरून आणायचे. भरड्यात गव्हाचं पीठ कालवायचे. चंद्री हावरटासारखी खायची. दूध वाढलं. खरंच वाढलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी घातलं.

सुलूच्या ते लक्षात आलं. तिच्या लक्षात यायचंच, गव्हाण ती झाडायची. एका सकाळी मला म्हणाली, "अक्का, चंद्री वैरण टाकून द्याय लागलीया. श्याण बी पातळ हाय, आंबूस वास मारतोय."

मी म्हणाले, "ऊन लागलं असंल."

तिथं थांबता आलं असतं. तोंडानं ऊन म्हणाले, पण मनात मला नेमकं कळलं होतं की काय बिघडतंय. स्पर्धा जवळ आली होती. त्याच दुपारी मी सगळ्यात मोठी बुट्टी भरली.

त्याच दिवशी भावकीत बारसं होतं. भात उरला. सुलू येताना ओंजळभर भात केळीच्या पानावर घेऊन आली आणि चंद्रीपुढं धरला. लाडानं. चंद्रीनं नुसतं हुंगलं, थोडा खाल्ला, बाकीचा तसाच पडला. आणि उरलेला सगळा भात? तो मीच पातेल्यात भरून ऊसतोडणीवाल्यांच्या खोपटांवर दिला होता. माझ्या हातानं. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी चंद्रीचं रवंथ बंद पडलं. दात खायला लागली. पोटाला हात लावला की आत पाणी डचमळायचं. डॉक्टर आले. गावातलेच, समजूतदार माणूस. त्यांनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "काय खाल्लंय?"

सगळे गोठ्यात उभे होते. सासूबाई, नवरा, दीर, सुलू. आणि सगळे शेताला गेले की गोठ्याजवळ मीच असायचे, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "रोजचंच."

डॉक्टरांनी अपचनाचं औषध दिलं आणि गेले. त्यांना खरं कळलं असतं तर? पुढं मीच शिकले ते. अशा वेळी पोट उघडून दाणा बाहेर काढतात. वेळेत केलं तर जनावर वाचतं. दर वेळी नाही, पण वाचतं. मी 'रोजचंच' म्हणाले आणि ती वेळ संपवली. मका घालणं ही हाव होती. हे 'रोजचंच' म्हणजे काय होतं? त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. भ्याडपणा म्हणा.

दिवस कलता चंद्री बसली. मान पोटाशी घातली, डोळे खोल गेले. डॉक्टर पुन्हा आले, बघितलं आणि चिडले. "हे दाण्याचंच हाय. कुणी काय घातलंय ते आत्ता सांगा."

तेव्हा सुलू पुढं आली. तिला भीती वाटत होती, तरी पुढं आली. "मी काल भात घातलता. थोडाच. ओंजळभर."

मी खाली बघून गप्प राहिले असते तरी ती सुटली असती. ओंजळभर भातानं काय होतं? डॉक्टरांनी दुसरं काही शोधलं असतं, कोठीतला भरडा बघितला असता. म्हणून मी बोलले. आवाज न चढवता, अगदी काळजीनं बोलले, "सुलू, मग बारशाचा उरलेला भात कुठं गेला गं सगळा? मला तर कुठंच दिसला न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काय कळलं असेल? मला वाटतं, काहीच कळलं नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं तो भात कुठं गेला. ती म्हणाली, "अक्का, मला काय म्हाईत," आणि ते उत्तर सगळ्यांना खोटं वाटलं.

चंद्री सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, पोट उघडून बघू, म्हणजे नक्की कळेल. मी चंद्रीच्या गळ्यात पडून रडले. "मुक्या जनावराची आता चिरफाड नको." सगळ्यांचे डोळे भरून आले. थोरलीचा जीव किती जनावरावर! रडणं खोटं नव्हतं, हे मात्र सांगते. पण ते कामाला आलं. तिला बांधाकडंला पुरली, पोटातल्या मक्यासकट.

त्यानंतर सासूबाईंनी सुलूला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. जनावरांत वाढलेली पोरगी ती. माहेरून वडील आले, चहा पिऊन गेले. गावात बायका तिच्या हातात शिळी भाकरी दिसली तरी हसून म्हणायच्या, "म्हशीला घालू नको गं." दिराला ते सोसलं नाही. त्यानं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम धरलं, तिथंच खोली केली आणि बिऱ्हाड हलवलं. जाताना सुलूनं चंद्रीची रेडी, तिचं मागं राहिलेलं रेडकू, मागितली नाही. नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या खोलीत माणसांनाच जागा नव्हती, रेडी कुठं बांधणार?

रेडी मला राहिली. आज माझ्या गोठ्यात जेवढी चांगली जनावरं आहेत ती तिच्या पोटची. आणि सुलूच्या वाटणीच्या खोल्या पाडून मी गोठा वाढवला. वाढवला म्हणूनच मला आज बोलवतात.

तुम्ही विचाराल, मग मला रात्री झोप लागायची का? लागायची. मला कसलं आजारपण आलं नाही, पोरांचं वाईट झालं नाही, कुणी शाप दिला नाही. मला शाली मिळाल्या. पापाचा घडा भरतो म्हणतात. माझा तर कुठं भरला नाही. मी चांगली जगले.

मग आता का बोलते आहे?

वारणेकडं एका मेळाव्यात मी बोलत होते. भाताची गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेत एक मुलगी मान खाली घालून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली तेव्हा ओळखली. सुलूची ऋतुजा. जनावरांच्या डॉक्टरीचं शिकते आता. आईचं जनावरांचं वेड तिच्यात उतरलं असणार. मला थोरल्या आई म्हणते. पाया पडली आणि बाजूला घेऊन म्हणाली, "थोरल्या आई, एक विचारू? आईनं नक्की किती भात घातलेला?"

मी विचारलं, "का गं?"

"आई म्हणते ओंजळभर. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मी हेच शिकते, ओंजळभर भातानं म्हैस मरत न्हाई. चूक झाली तर झाली, पण इतकी वर्षं खोटं कशाला बोलतीस? तेव्हापासनं ती माझ्याशी धड बोलत न्हाई. तुम्ही तिथं होता, म्हणून विचारते."

बघा आता. पोरगी बरोबर शिकली होती, आणि त्याच शिकण्यानं तिची आई खोटी ठरली होती. तिच्या डोळ्यांत काय होतं? मी 'ओंजळभर' म्हणावं असं तिला वाटत होतं की 'पाटीभर', ते मला कळलं नाही. मी कळून घेतलं नाही. शाल माझ्या खांद्यावर होती, आयोजक बाई चहाला बोलावत होत्या.

मी म्हणाले, "पाटीभर होता बाळ. पण आईला दोष देऊ नको."

'दोष देऊ नको' हेसुद्धा मीच म्हणाले. ऐकलंत ना? तिनं मान हलवली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली. मी चहा घेतला.

आता ज्यांना मी शहाणी वाटत होते त्यांना जे वाटायचं ते वाटू दे. बोलावणी बंद होतील, होऊ देत. पोटाबद्दल मी जे सांगत आले त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, तो मी मागं घेणार नाही. मला तो एका म्हशीनं शिकवला आणि ती मी मारली. घरातलं कुणी म्हणेल, मेलेली म्हैस आता कशाला उकरून काढतेस. म्हणू दे. सुलूकडं मी माफी मागायला जाणार नाही. ती पुन्हा मलाच हलकं करायची युक्ती होईल, आणि तिनं माझं एवढं ओझं वाहिलंय तेवढं पुरे.

ऋतुजा, तुझी आई खरं बोलते. ओंजळभर होता, आणि त्यातलाही निम्मा गव्हाणीत पडून राहिला. उरलेला भात मी खोपटांवर दिला होता. मका मी घातला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि मला उत्तर येत होतं.